सातिणीची साल

कृष्णनाथ कचेरीतून निवृत्त झाले आणि घरच्यांच्या मागे त्यांचं बालपण लागलं. सकाळी पणजीच्या फ्लॅटच्या दारात पोदेर पाव ठेवून गेला की मुळगावच्या पावाची आठवण, नळाला पाणी आलं की मुळगावच्या बावीची. पाऊस ओसरून आश्विनाचं ऊन पडलं की मग विचारूच नका. मुळगावचा पिकलेला मळा, दवाने भिजलेली पायवाट, नव्या भाताचे घरी कांडलेले पोहे, सातिणीच्या फुलांचा रात्रभर घमघमणारा वास. तसले दिवस आता राहिले नाहीत, तसली माणसं राहिली नाहीत, असं म्हणून ते एक लांब उसासा टाकत. तो उसासा ऐकला की सून कमलाक्षी उठून स्वयंपाकघरात जाई.

तिने तरी काय करावं? नवरा दत्ताराम बोटीवर. वर्षातले बरेच महिने तो समुद्रात, आणि सासऱ्यांचं ऐकायला ही आणि सात वर्षांची देवकी. देवकीला मात्र ते ऐकायला आवडे. आजोबांच्या गोष्टीतला गाव तिला कुठल्याही राजाराणीच्या गावापेक्षा खरा वाटे. वारलेल्या आजीचं नाव तिला ठेवलेलं, त्यामुळे आजोबांचा जीव तिच्यावर जरा जास्तच होता. गोवा मुक्त होऊन पंचवीसएक वर्षं झाली असतील. त्या वर्षी कृष्णनाथांनी फर्मान काढलं की दिवाळी मुळगावलाच करायची, आणि करायची ती आप्पांच्या पद्धतीने.

आप्पा म्हणजे त्यांचे वडील. आणि आप्पांची पद्धत म्हणजे मुख्यतः सातिणीची, म्हणजे सातवीण या झाडाची. आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंग झालं, तुळशीपाशी कारीट फोडलं, की फराळाआधी सातिणीच्या सालीचा रस घेतात. जिभेची चामडी सोलून निघेल असा कडू. तो घेतला की वर्षभर ताप येत नाही म्हणतात. कोणी घोटभर घेतं, कोणी नुसतं बोट बुडवून चाखतं. पण आप्पांच्या घरी त्याचे नियम होते. पहाटे कोंबडा आरवायच्या आत घरच्या पुरुषाने साल आणायला जायचं. हातात दिवा घ्यायचा नाही. लोखंड लावायचं नाही, दगडाने ठेचून साल काढायची. घरातून निघाल्यापासून सगळ्यांचा रस पिऊन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि प्यायची सुरुवात घरातल्या सगळ्यांत लहानापासून. देवकीला हे नियम पाढ्यांसारखे पाठ होते.

आदल्या संध्याकाळी मंडळी मुळगावला पोचली. कृष्णनाथांची थोरली बहीण पद्मावती त्या घरात एकटी राहत असे. लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली, अंगाने काटक, बोलायला त्याहून काटक. घराच्या एका बाजूची खोली तिने यशवंत नावाच्या माणसाला दिली होती. हा सावंतवाडीकडचा, खाणीवर टिपर चालवणारा. त्याचा टिपर अंगणापलीकडे, जिथे पूर्वी मळणीचं खळं होतं तिथे उभा असे. तो पाहताच कृष्णनाथांचं डोकं फिरलं.

"बाय, हें काय खळ्यात? सगळ्या गावावर ह्या लोकांनी लाल माती फासली, आता आपल्या घरात आणून ठेवलीस?"

यशवंत पायरीवर बसून विडी ओढत होता. त्याने विडी विझवली आणि आत गेला.

"तो आसा म्हणून म्हाका रातची भीती ना," पद्मावती म्हणाली. "तू वर्साक एकदा येतलो, उसासे टाकतलो आनी वतलो."

कमलाक्षीने हसू लपवायला तोंड फिरवलं. जेवताना पद्मावतीने सांगितलं की सातिणीची साल बाबली आणून देतो, दरवर्षी देतो, उद्याही पहाटे देईल. कृष्णनाथ काही बोलले नाहीत. गप्प राहिले म्हणजे पटलं असं तिला वाटलं. ते गप्प राहिले होते ते मनात बेत पक्का होता म्हणून. बाबलीसारख्या गडीमाणसाने आणलेली साल प्यायची तर पणजीत काय वाईट होतं?

पहाटे ते उठले तेव्हा घर निजलेलं होतं. उशाशी ठेवलेली बॅटरी त्यांनी मुद्दाम तिथेच ठेवली. कडी हळूच काढली आणि बाहेर पडले. थंडी होती, गवत दवाने ओलं होतं, आणि हवेत तोच वास होता. सातीण फुललेली होती. कृष्णनाथांच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं. किती वर्षांनी! वाट पायांना पाठ होती: देवळामागची चढण, चिऱ्यांचं कुंपण, कुंपणात दोन पायऱ्या, आणि पायऱ्या उतरलं की उजव्या हाताला सातीण. लहानपणी ते आप्पांचं धोतर धरून इथवर आले होते. काळोखात हात पुढे केला तर बुंधा हाताला लागलाच. खरबरीत, थंडगार. त्यांनी खालचा धोंडा उचलला, साल ठेचली, उपरण्यात बांधली आणि मागे न पाहता घराकडे फिरले. सबंध निवृत्तीत त्यांना इतकं समाधान झालं नव्हतं.

पद्मावती उठली तेव्हा हे पडवीत बसून साल वरवंट्याने ठेचत होते. विजेचा दिवा त्यांनी लावला नव्हता, दोन पणत्या काय त्या जळत होत्या.

"बाबली येवन गेलो?" तिने विचारलं.

कृष्णनाथांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान डोलावली. बोलू नको, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पद्मावती समजली की बाबली येऊन गेला. ती चुलीकडे वळली.

देवकीचं अभ्यंग झालं. उटण्याने अंग घमघमतंय, केस ओले, अंगात नवा परकर, अशी ती पाटावर येऊन बसली. आजोबांनी फडक्यातून रस पिळला, वाटीत ओतला आणि तिच्यापुढे धरला. अर्धी वाटी. कमलाक्षी म्हणाली, "बाबा, एवढा कशाला? घोटभर पुरे." कृष्णनाथांनी डोळ्यांनीच सुनेला दटावलं. देवकीने नाक दाबलं, डोळे मिटले आणि आजोबांच्या गोष्टीतल्या शूर मुलांप्रमाणे एका दमात पिऊन टाकलं. मग तिचं तोंड असं काही झालं की कमलाक्षीला हसू आवरेना. गुळाचा खडा तिने लेकीच्या तोंडात कोंबला.

दुसरी वाटी पद्मावतीची. तिने जिभेला लावली मात्र, आणि थांबली. पुन्हा एकदा टोकाने चाखलं. थू करून अंगणात थुंकली.

"ही साल बाबलीन दिली?"

कृष्णनाथांनी मान हलवली. नाही.

"मगे खंयची?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर अजून ते समाधान होतं. सगळ्यांचं पिऊन व्हायचं होतं ना, बोलायचं कसं! पद्मावतीने वाटी आदळली आणि भावाचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

"किस्ना, तोंड उघड! खंयच्या झाडाची साल ही? ही सातीण न्हय!"

"सातीणच," ते बोलले. मौन मोडलं म्हणून त्यांना आधी रागच आला. "कुंपणाच्या पायऱ्या उतरलं की उजवीकडे. आप्पांची सातीण. डोळे बांधून नेलंस तरी सापडेल मला."

पद्मावतीने त्यांचे खांदे सोडले. "आरे, तें कुंपण खंय रवलां? ट्रकांचो रस्तो केलो तेन्ना सगळें सकयल उतारार सरकयलां. पायऱ्यो नव्यो घातल्यात. थंय खंयचें झाड आसा तें देवाक खबर."

"पण वास येत होता, बाय! फुललीय ती!"

"वास साऱ्या गावाक येता!"

कमलाक्षीला अजून नीट कळलं नव्हतं. "आत्या, म्हणजे काय? दुसरं कसलं झाड?" पद्मावतीने देवकीला ओढून मोरीवर नेलं आणि तिच्या घशात बोटं घातली. पोर ओकली, रडली, पुन्हा ओकली. किती आलं, किती आत राहिलं, कोणाला कळणार? त्या डोंगरावर सातिणीच्या जोडीने काजरेही आहेत. काजऱ्याच्या बीचं विष कुत्र्याला घालतात हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. तो शब्द कृष्णनाथांच्या मनात आला आणि त्यांनी तो झटकला. मुलीला कडू सोसलं नाही, एवढंच. बायची जीभ म्हातारी झाली. असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात देवकी म्हणाली, "आई, माझी मान दुखते."

मान दुखत नव्हती, ताठत होती. अंगणात कोणी बादली आपटली, तर त्या आवाजाने पोर सबंध दचकली आणि धनुष्यासारखी वाकली. कमलाक्षीच्या किंचाळण्याने तर आणखीच. अंगाला तेल लावलेला यशवंत पंच्यावरच बाहेर धावला.

"काय झाला? काय खाल्ल्यान चेडवान?"

"डिचोलीक दवाखान्यांत व्हरूक जाय, यशवंता. आत्ताच्या आत्ता."

त्याने टिपर सुरू केला, कमलाक्षीला लेकीसह वर चढवलं. कृष्णनाथही चढू लागले, तशी पद्मावतीने त्यांना मागे खेचलं.

"तू झाडाकडे वच. दाक्तर विचारतलो किदें घेतलें म्हण. आमी किदें सांगचें? पानां हाड, फांटी हाड. बेगीन!"

टिपर लाल धुरळा उडवत गेला. ज्या धुरळ्याला ते काल शिव्या देत होते, त्याच्यातूनच ते धावत सुटले. साठीला टेकलेला माणूस, अनवाणी, धोतर गुडघ्यावर खोचलेलं. उजाडू लागलं होतं. देवळामागची चढण चढताना ते देवाला एकच मागत होते, की सातीण असू दे. मी मूर्ख ठरलो तरी चालेल, मुलीला आकडीचा आजार निघाला तरी चालेल, पण ती सातीण असू दे. असलंही माणूस मागतं.

पायऱ्या आल्या. नव्या सिमेंटच्या होत्या. काळोखात पायाला कसं कळलं नाही कोण जाणे. उजव्या हाताला झाड उभं होतं, बुंध्यावर पहाटेची जखम. कृष्णनाथांनी नखाने साल खरवडली. सातिणीला चीक येतो, दुधासारखा पांढरा. त्यांनी पुन्हा खरवडली, नख उलटलं, बोटातून रक्त आलं. झाडातून काही आलं नाही. मग वर बघावंच लागलं. सातिणीची पानं एका देठापाशी सात-सात, पंज्यासारखी. ही पानं समोरासमोर, दोन-दोन, तुळतुळीत. काजरा.

आणि ट्रकांच्या रस्त्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, आप्पांची सातीण लाल मातीने माखून फुललेली होती.

त्यांनी फांदी मोडली. उतारावर पोदेर सायकलचा भोंगा वाजवत येत होता. कृष्णनाथांनी सायकल अडवली, पावांनी भरलेली पांटली स्वतःच उचलून बांधावर ठेवली आणि "माझी नात मरते रे बाबा" एवढंच म्हणून सायकल घेऊन गेले. तो बिचारा बघतच राहिला.

डिचोलीच्या दवाखान्यात त्यांनी फांदी डॉक्टरांपुढे धरली. तरुण डॉक्टर, आधी धनुर्वात की काय या विचारात पडलेला. "काजरा," कृष्णनाथ म्हणाले. "साल. अर्धी वाटी. मी पाजली." डॉक्टरने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि आत धावला. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाला, "इंजेक्शन दिलंय. खोलीत अंधार केलाय. आता तिला आवाज होता कामा नये, कसलाच नाही. प्रत्येक आवाजाला झटका येईल, आणि झटक्यात श्वास अडकला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

दिवाळीची सकाळ, आणि आवाज होता कामा नये! बाहेर डिचोलीच्या पोरांनी नरकासुराचा पुतळा जाळायला रस्त्यावर ओढून आणला होता. पहिला बार उडाला आणि आतून पलंग खडखडल्याचा आवाज आला. कृष्णनाथ धावत रस्त्यावर गेले. यशवंत त्यांच्याआधीच तिथे होता. त्याने टिपर गल्लीच्या तोंडाशी आडवा लावला होता आणि पंचा नेसलेला तो माणूस पोरांपुढे हात पसरून उभा होता. कृष्णनाथ दारोदार गेले. कोणाच्या हातात उदबत्ती, कोणाच्या हातात माळ. "आज नको, पाया पडतो, आज नको." लोक आधी हसले, मग त्यांचं तोंड पाहून गप्प झाले. नरकासुर तसाच न जळता भिंतीला टेकवून ठेवला गेला. त्या गल्लीत तेवढी एक दिवाळी मुकी गेली.

सकाळ सरकत होती. पद्मावती बाबलीबरोबर चालत आली आणि भावाशेजारी बाकावर बसली. मग कृष्णनाथ हलक्या आवाजात म्हणाले, "आप्पांनी कधी चूक केली नाही. सगळे नियम पाळले मी, बाय. दिवा नाही, लोखंड नाही, बोललो नाही..."

"खंयचे नियम?"

"आप्पांचे. साल आणायचे."

पद्मावतीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. "आप्पा दर वर्सा दिवो घेवन वचत. कोयतो घेवन वचत. आनी सगळ्या वाटेर बडबडत."

"नाही गं. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. मला चांगलं आठवतं."

"तू एकदाच गेल्लो. गोपाळ गेलो त्या वर्सा."

गोपाळ. कृष्णनाथांना नाव आठवलं, चेहरा आठवला नाही. पाळण्यातला धाकटा भाऊ. मामाच्या गावाला गेला असं कोणीतरी सांगितलं होतं, आणि मग ते विचारायचं विसरले होते.

"आश्विनात तापान गेलो," पद्मावती म्हणाली. "ना दाक्तर, ना रस्तो. आप्पान त्याका खांद्यार घेतलो आनी डिचोलीक चलत आयलो, पूण वाटेरूच... आठ दीस जाले नाशिल्ले आनी दिवाळी आयली. घरात घासलेट ना, दिवो खंयचो? कोयतो खंय पडला तें पळोवपाची कोणाक सुद ना. तू धोतराक धरून फाटल्यान गेलो. आप्पा उलयना, कित्याक? तोंड उघडलें जाल्यार तो रडपाक लागतलो आसलो. आनी घरा येवन पयलो रस तुका दिलो. आता तूच धाकटो उरलेलो, म्हणून. तुका ताप येवंक जायनाशिल्लो, म्हणून."

कृष्णनाथ ऐकत होते. आयुष्यभर जपलेली ती पहाट, तो दवाचा गारवा, तो पवित्र मुकेपणा. एका माणसाचं पोर गेलं होतं आणि तो काळोखात हुंदका गिळत चालला होता. मागे धोतर धरून चाललेल्या पोराला ते सुख वाटलं. त्या सुखाचे त्याने नियम केले आणि नातीला पाजले. त्यांना रडायचं होतं, पण आवाज करायची सोय नव्हती. उपरणं तोंडात कोंबून ते तिथेच गदगदत राहिले आणि पद्मावती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुपारी झटक्यांमधलं अंतर वाढलं. संध्याकाळ कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आला आणि पहिल्यांदाच खाली बसला. "वाचली," तो म्हणाला. "बरंचसं ओकून गेलं होतं म्हणून. आणि तुम्ही फांदी आणलीत म्हणून." कमलाक्षी दाराच्या चौकटीला धरून रडली. सासऱ्यांकडे तिने अजून पाहिलं नव्हतं.

मुलीला घोटघोट साखरपाणी द्या, असं सांगून डॉक्टर गेला. कमलाक्षीने ते वाटीत कालवलं. क्षणभर ती वाटी हातात धरून उभी राहिली, मग काय वाटलं कोण जाणे, तिने ती कृष्णनाथांच्या हातात दिली.

खोलीत अंधुक उजेड होता. देवकी उशीवर पडून होती, डोळे मोठे आणि थकलेले. आजोबा हळूच कडेला बसले. वाटी तिच्या ओठांपाशी नेली. तिने ओठ घट्ट मिटले. त्यांनी हात मागे घेतला नाही, कारण मागे घेतला असता तर पुन्हा पुढे करायचं बळ त्यांच्यात राहिलं नसतं.

"साखरपाणी आहे, देवू," ते पुटपुटले.

देवकीने वाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आधी तुम्ही प्या," ती म्हणाली.

कृष्णनाथांनी वाटी तोंडाला लावली आणि मोठा घोट घेतला. गोड होतं. त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली.

"थांबा," देवकी म्हणाली आणि आजोबांच्या मानेकडे बघत राहिली.

ते वाटी धरून तसेच थांबले.